खात्री नसलेला माणूस

उभ्या मद्रास शहरात स्वतःची खात्री नसलेला माणूस एकच होता, आणि तो माझ्या घरमालकिणीचा थोरला भाऊ होता. बाकी सगळ्यांना सगळे ठाऊक होते. मंत्र्यांना ठाऊक होते, मालकांना ठाऊक होते, एग्मोर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना पुढच्या निवडणुकीचा निकाल ठाऊक होता, आणि आम्हा युनियनवाल्यांना ठाऊक नसलेले तर काही उरलेच नव्हते. मी चोवीस वर्षांचा होतो. पुण्याहून एका विमा कचेरीत कारकून म्हणून आलो होतो आणि संध्याकाळी बाटल्यांच्या एका कारखान्यातल्या युनियनचा चिटणीस असे. माझ्या एकाही पत्रकात 'कदाचित' हा शब्द कधी छापला गेला नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

हे गृहस्थ तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी अशी, की जणू डोक्याला पागोटे आणि कमरेला तमिळ धोतर, वेष्टी. मी त्यांना मामा म्हणे, ते मला तंबी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. सारी हयात त्यांनी रेल्वेत काढली आणि स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले. आलेला निरोप ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा, सांगणाऱ्याने तो कबूल करायचा आणि मगच गाडी सोडायची, अशी त्यांच्या कामाची रीत. नोकरी संपली, रीत राहिली. हॉटेलात ते इडली-कॉफी मागवत आणि वेटरकडून ती परत म्हणवून घेत. त्याने 'साखर कमी' एवढे गाळले, की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शेवटी ते दारात दिसताच सगळे वेटर लांबूनच एका सुरात त्यांची ऑर्डर म्हणून टाकत. घराला कुलूप लावले की ते ओढून बघायला मला वरच्या खोलीतून खाली बोलावत, आणि मी ओढले की विचारत, "काय ओढलेंस? कडी की कुलूप?" वर्तमानपत्रात पुढाऱ्यांच्या भाषणांतले 'निःसंशय' आणि 'निश्चित' हे शब्द लाल पेन्सिलीने अधोरेखित करून समासात लिहीत : 'कोणी पाहिले?' घरात रद्दी साठत नव्हती, शंका साठत होत्या.

त्यांचे लग्नही याच पायी राहिले, असे मावशी, म्हणजे घरमालकीण, सांगत. मुलगी पसंत पडली होती. मुलीकडचा होकारही आला. तर हे मध्यस्थाला म्हणाले, "तिला काय विचारलेंत, आणि ती काय बोलली, अस्के, सगळे, तिच्याच शब्दांत आणा." मध्यस्थ जो गेला तो गेलाच. "आता लग्नाकार्यालाही कोणी बोलवत नाही रे अण्णाला," मावशी म्हणत. "मंगलाष्टकं संपली का, म्हणून भटजीला तीनदा विचारतो." संध्याकाळी ते ओसरीवर दोन खुर्च्या मांडून बसत. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्र असे.

संपाचा ठराव झाला त्या संध्याकाळी मी ते वर्तमानपत्र उचलून तिथे बसलो, कारण मला कोणाला तरी सांगायचे होते. गेटसमोर मी तासभर बोललो होतो. तीन दिवसांत भट्टी विझेल आणि मालक हात जोडत येईल, असे म्हटले होते.

"हात कितींनी वर केले, तंबी?"

"सगळ्यांनी. एकमतानं."

"कशास वर केले, ते कोणाकडून परत म्हणवून घेतलेंस?"

"सभेत असं विचारतात का, मामा? ते काय स्टेशन आहे?"

त्यांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, "कावेरीच्या एका फाट्यावर पूल होता. त्यावर दोघे गँगमन रूळ दुरुस्त करीत होते. मिस्त्रीने लांबून हात वर केला. मज वाटले, माणसे उतरली. तो सांगत होता, थांब. मी गाडी सोडली. एकाने पाण्यात उडी घेतली."

दुसऱ्याचे मी विचारले नाही. विचारायला हवे होते. मी उलट चिडलो. म्हणालो, "तुमच्यासारख्यांच्या शंकांवरच मालक जगतात."

त्यांनी मान हलवली. माझे वाक्य शब्द न् शब्द मला परत म्हणून दाखवले आणि विचारले, "बरोबर?"

मी जिना चढून वर गेलो.

भट्टी एक दिवसही विझली नाही. मालकाने मागच्या फाटकातून नवी माणसे आत घेतली आणि बाराव्या दिवशी आमचा संप स्वतःच विझला. अकरा जणांना परत घेतले नाही. त्यांत मुनियाण्डी होता, वीस वर्षे भट्टीपुढे उभा राहिलेला. मी दुसरीकडचा कारकून. या संपात माझा एक दिवसाचा पगारसुद्धा जाणार नव्हता, आणि गेला नाही. हे मी कोणत्याही पत्रकात लिहिले नाही, म्हणून इथे लिहितो. फाटकाशी मुनियाण्डी भेटला. शिवी दिली असती तर बरे वाटले असते. तो म्हणाला, "मला वाटलं, नुसता अर्ज द्यायचा आहे, म्हणून हात वर केला. नंतर कळलं, संप आहे. पण तुम्ही इतक्या खात्रीनं बोलत होता, म्हटलं, यांना माहीत असेल."

त्या संध्याकाळी मामा 'सांगितले होते' असे म्हणाले नाहीत. म्हणाले, "अकरा जणांच्या घरी कोण जाणार?"

माझ्या हातात निषेधाच्या पत्रकाचा मसुदा होता. त्यांनी कागद मागून घेतला, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याकडून अकरा पत्ते लिहून घेतले आणि सकाळी जुना काळा कोट चढवून माझ्याबरोबर निघाले. दहा घरी मी आत गेलो, ते गल्लीत थांबले. कोणी बोलले, कोणी नाही. एका घरी म्हातारीने दार लावून घेतले.

शेवटचे घर मुनियाण्डीचे. तिथे ते म्हणाले, "इथे मी हाक देतो."

मुनियाण्डी काम शोधायला गुम्मिडिपूंडीकडे गेला होता. दारात त्याची बायको आली. जन्मभर दुसऱ्यांकडून वाक्ये परत म्हणवून घेणाऱ्या त्या माणसाला तिच्यापुढे स्वतःचे एकही वाक्य सुचेना. तिने आम्हा दोघांना पाणी दिले. त्यांनी लोटा रिकामा केला, खाली ठेवला, हात जोडले.

परतताना ते माझ्या पुढे दोन पावले चालत होते. वळून न बघता म्हणाले, "पुलावरच्या त्या दुसऱ्याच्या घरी मी गेलो नाही, तंबी. पत्ता ठाऊक होता."

मुनियाण्डीला पुढे एका आरा गिरणीत काम मिळाले, निम्म्या पगाराचे आणि निम्म्या मानाचे. मला कचेरीने वर्षभरात नागपूरला पाठवले. तिथे मावशींचे पत्र आले, की अण्णा गेला. आजारपण वगैरे काही नाही, दुपारी झोपला तो उठला नाही. जाण्याच्या महिनाभर आधी एकटाच तंजावरकडच्या गाडीत बसला होता आणि दोन दिवसांनी परत आला. कुठे गेला होता ते सांगितले नाही आणि मावशींनीही विचारले नाही. ते घर त्यांना सापडले का, दार कोणी उघडले का, हे आता मला कोणाला विचारता येत नाही.