दुधीच्या मांडवाखालची पट्टी

यमुना गेल्याचं कळलं तेव्हा मी खोडाळ्याच्या बाजारात सुकट निवडत होते. फोन तिच्या भावाचा. मेंदूत रक्तस्राव झाला, पुण्यातच... पुढचं मला ऐकूच आलं नाही. आश्रमशाळेत एका ताटात जेवलेल्या मैत्रिणी आम्ही. मी शिक्षिका होऊन इथेच राहिले, ती पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचली. भांडखोर होती, आणि ऐतखाऊ माणसावर तर तिचा भारी राग. बॅटरीवरही तोच राग! "गाडीत बॅटरी वीज देते गं, पण स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या अंगावर. त्यापेक्षा गाडीचा सांगाडाच बॅटरी झाला तर?" भारही पेलेल आणि वीजही साठवेल अशी कार्बनच्या धाग्यांची पट्टी ती बनवत होती. दोन्ही कामं एकाच पट्टीनं करायची म्हणजे दोन्हीकडे थोडी माघार, हेही ती हसत कबूल करायची.

गेल्या वर्षी सुट्टीत आमच्या गावी, साखरशेतला येताना तिनं तसली एक पट्टी आम्हाला दाखवायला आणली. ती अंघोळीला गेली, तेवढ्यात तिच्या आयनं ती पट्टी दुधीच्या वाकलेल्या मांडवाखाली आडवी बांधून टाकली. मी कपाळावर हात मारला. यमुना मात्र ओल्या केसांनी हसत सुटली. "राहू दे. प्रयोगशाळेत महिनोन् महिने ऊन-पाऊस झेलत ओझं कोण धरणार?" तिनं तारा जोडून वाटाण्याएवढा दिवा लावून दाखवला. आय म्हणाली, "बसून खाणारी नाय ही. बरी हाय."

यमुनाचं दिवसकार्य झाल्यावर काही आठवड्यांनी तिची सहकारी वैशाली आली. इतका भार सोसून पट्टी अजून वीज धरते का, हे तपासल्याशिवाय यमुनाचं काम पुरं होणार नव्हतं, आणि एवढी राबलेली पट्टी ही एकच. पण आय मांडवाला हात लावू देईना. लेकीच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. मलाही वाटलं, वैशालीला रिकाम्या हातीच परत पाठवावं.

बऱ्याच वेळानं आय आपणहून उठली. दोन्ही हातांनी मांडव उचलून धरला. "सोडव बाय. दुध्या पडतील नायतर." वैशालीनं गाठी सोडल्या. मी खाली बांबू लावला, तरी आय हात काढेना.

"हिच्यानं यमूचं काम होईल?" तिनं विचारलं.

"माहीत नाही, आय. तपासावं लागेल," वैशाली म्हणाली.

आयनं पट्टीवरची माती पदरानं पुसली आणि ती वैशालीच्या हातात दिली. "नाय झालं तर परत आणून दे. इथं तिला काम हाय."