पटावरची विसावी मुलगी

आमच्या आत्याबाईंइतके धक्के महागाव तालुक्यात कोणी कोणाला दिले नसतील. मी हिशेबी माणूस, वाढवून सांगत नाही. माझ्या एकट्याच्या वाट्याला आठवड्याला दोन तरी यायचे. सोवळे इतके कडक, की माझ्या सदऱ्याची बाही घागरीला लागली म्हणून त्यांनी ती भरलेली घागर माझ्याच पायांवर ओतली. बोलावणे असो-नसो, लग्नाच्या मांडवात जाऊन नवरीचे वय मोठ्याने विचारायच्या, आणि ते बारा निघाले की न जेवता परतायच्या. त्यांचे स्वतःचे लग्न नवव्या वर्षी झालेले. अक्षरओळख नव्हती, पण कोणत्या घरात शाळेच्या वयाची पोर चुलीपाशी बसली आहे, हे त्यांना तोंडपाठ असे.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. शाळेत एकच गुरुजी. मुलगी दुसरी पास झाली की आईबाप तिला काढून घेत. मोठी पोर पुरुष मास्तरापुढे बसवायची नाही, असा गावचा कायदा. पटावर वीस मुली दाखवा, शिकवायला बाई देतो, असे वरच्या साहेबांनी सांगितले. आत्याबाई दारोदार फिरल्या आणि आकडा एकोणिसावर अडला. पट तपासून सही करायचे काम शाळा समितीने माझ्याकडे दिलेले. तपासला, तर वीस. विसावे नाव आत्याबाईंचे. इयत्ता पहिली, वय साठ. पालकाच्या रकान्यात माझे नाव. मी हबकून गुरुजींकडे पाहिले. ते म्हणाले, आठ दिवस रोज पहिल्या ओळीत बसून हजर म्हणतात, मी काय करू?

आत्याबाई मांडीवर पाटी घेऊन तिथेच बसल्या होत्या. "मुलीईचा रकाना हाय ना? मंग मी का पोरगा हावो, बाबू?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. लाल शाईने नाव खोडले आणि खोट्या आकड्याला माझी सही मिळणार नाही, असे सांगितले. त्या भांडतील म्हणून मी तयारीत होतो. त्या मुकाट्याने उठून गेल्या, याचाच मला जास्त धक्का बसला.

पटाचा कागद साहेबांकडे सोमवारी जायचा होता. सोमवारी शाळेत गेलो, तर विसावी मुलगी खरोखरच बसलेली. शेवंता, तिचे घर नुकतेच बौद्ध झालेले. आईला तिला शिकवायचेच होते, पण ती कापूस वेचायला गेली की तान्ह्याला सांभाळणार कोण? तो तान्हा बाहेर कडुनिंबाखाली आत्याबाईंच्या मांडीवर होता. त्याने त्यांचे लुगडे ओले केले होते. माझ्या बाहीने ज्यांची घागर बाटत होती, त्या तशाच बसून त्याला थोपटत होत्या. समोरच्या ओट्यावर निम्मे गाव बघायला जमलेले. माझ्या तोंडून "आणि सोवळं?" एवढेच निघाले.

"थे घरी ठेवून आली," त्या म्हणाल्या. "आता मोज. नीट मोज."

मी दोनदा मोजून सही केली. पुढल्या उन्हाळ्याआधी बाई आल्या. आत्याबाई सात वर्षे त्या झाडाखाली कोणाची ना कोणाची लेकरे घेऊन बसल्या. हजेरी संपली की खिडकीबाहेरून एक "हजर" यायचे, आणि पट मिटण्यापूर्वी बाई त्यासाठी थांबायच्या. आत मात्र आत्याबाई पुन्हा कधी बसल्या नाहीत. बसा, असे मीही म्हटले नाही.

त्या गेल्यावर मी जुना पट काढून पाहिला. त्यांच्या नावावरची माझी लाल रेघ अगदी सरळ आहे. पालकाच्या रकान्यातले माझे नाव मात्र खोडायचे राहून गेले आहे.