एकटी बांगडी वाजत नाही

लढाईचे दिवस होते. शेवगावात घरामागच्या पडवीत मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, लहानसा कारखाना. इंजिनाच्या, उसाच्या चरकाच्या बिडाच्या भागांना भोकं पाडायची आणि त्यात हातानं आटे पाडायचे. आटे पाडायचा टॅप म्हणजे बोटाएवढा पोलादी स्क्रू. कडक, पण काचेसारखा ठिसूळ. दांडा धरून अर्धा फेरा पुढं, थोडा मागं, असा फिरवायचा. जरा वाकडा शिरला की कडकन मोडायचा. लढाईपायी मुंबईहूनही नवे मिळेनात. आम्हाला लागायच्या मापाचे दोनच उरले होते.

मालकांचे दोन्ही हात दांड्यावर, नजर समोरून. बाजूनं बघायचं काम माझं. पण तिथंच ऐरणीपाशी थोरले दीर बसलेले. त्यांच्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, ही घरची रीत. म्हणून टॅप कलला की मी बांगड्या वाजवायची. मेली कसली ती रीत! बाई मुकी आणि बांगडी बोलकी.

त्या दिवशी दीर तापलं लोखंड ठोकत होते. टॅप कलला. मी हात झटकून झटकून बांगड्या वाजवल्या. घणापुढं कोण ऐकतंय? टॅप मोडला. मालकांनी दांडा उपसला आणि तोच माझ्या आडव्या घातलेल्या दोन्ही मनगटांवर हाणला.

"आंधळी हायस का गं?"

बांगड्यांची काच उजव्या मनगटात घुसली, रक्त बिडाच्या चुऱ्यात सांडलं. दीर ठोकतच राहिले. अंगाची आग आग झाली माझ्या, पण ओठ शिवलेले.

"आता एकच टॅप हाय," मालक म्हणाले. "ह्यो मोडला तर हात मोडीन तुझा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिले. उजव्या मनगटाला हळदीची चिंधी, डाव्या हातात वाचलेली एकच बांगडी. टॅप शिरला आणि कलला. मी हात हलवला. एकटी बांगडी कशावर वाजणार?

"थांबा! वाकडं हाय!"

घण हवेतच थांबला. "ही बोलली?" दीर गरजले. मालकांनी अशी थोबाडीत दिली की मी भिंतीवर आदळले, ओठ फाटला. पदर खांद्यावर आला होता. तो मी वर घेतला नाही.

"हाणा अजून! पर आदी गुण्या लावा!"

मालकांनी काटकोनाचा गुण्या टॅपला टेकवला. मधली फट मला भिंतीपासून दिसत होती. त्यांनी टॅप हळूहळू उलटा फिरवून काढला आणि सरळ धरून आटे पाडले. माझ्या ओठाचं रक्त कुणी विचारलं नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी टॅपला चरबी लावली, दांडा धरला आणि थोरल्या भावाकडं न बघता म्हणाले, "दादा, तुमी जरा ओट्यावर बसा. तिला बोलायचं असतंय."

दीर घण आपटून बाहेर गेले. मी पदर कमरेला खोचला, बाजूला वाकून बघितलं.

"फिरवा," म्हणाले मी.