पंतप्रधानांचे तीन राजीनामे

सिडनीच्या मोठ्या लॉकडाउनमध्ये मी बल्गेरियाचा पंतप्रधान झालो. ही गोष्ट मी नेहमी याच वाक्याने सुरू करतो, म्हणजे समोरचा माणूस हातातला फोन खाली ठेवतो.

गिरावीन या सिडनीच्या उपनगरात आमच्या शेजारी एक बल्गेरियन आजोबा राहायचे, एकटेच. कुणाच्या घरी जायला बंदी होती, म्हणून रोज दुपारी आम्ही कुंपणाला आपापल्या बाजूने टेकून गप्पा मारायचो, अर्थात इंग्रजीत. त्यांचे वडील एका मुत्सद्द्याचे ड्रायव्हर होते. या मुत्सद्द्याने राजदूत म्हणून अर्ध्या युरोपातल्या मेजवान्या झोडल्या होत्या. इकडे बल्गेरियात सगळ्यांची सगळ्यांशी भांडणं झाली, तेव्हा कुणाशीच न भांडलेला म्हणून त्याला बोलावून पंतप्रधान केलं. थोड्याच दिवसांत त्याच्याशीही सगळे भांडले. त्याने राजीनामा दिला, भाषण केलं नाही, गाडीत बसला नाही. हॅट हातात घेऊन पायी घरी निघाला. ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन हळूहळू मागे.

ती रिकामी गाडी मला इतकी आवडली, की आमच्या मराठी मंडळाच्या ऑनलाइन गणेशोत्सवासाठी मी तिथल्या तिथे एकपात्री प्रयोग जाहीर करून टाकला.

आजोबांचा चेहरा उतरला. "मेट, लोक त्याला हसतील असं काही करू नकोस. तो पायी निघाला तेव्हा रस्त्यावरचे लोक हसत होते. बाबांनी गाडीत बसून ते ऐकलं. मरेपर्यंत सांगत होते."

"नो वरीज," मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

बायकोला सांगितलं, तर तीच हसायला लागली. "तू? आणि कुणाला हसवणार नाहीस? तू सत्यनारायणाची कथा वाचलीस तेव्हा गुरुजींच्या हातातला शिरा सांडला होता!"

तरी मी मनावर घेतलं. लग्नातला शेला छातीवरून आडवा घेतला. त्यावर लेकीची पोहण्याची पदकं लावली. ती "ओ माय गॉड, बाबा," म्हणाली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं.

झूमवर आजोबाही आले, टाय लावून. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण गोष्ट त्यांचीच होती. मी एकही विनोद केला नाही. माझ्या जिवाला काय यातना झाल्या, ते मलाच ठाऊक! शेवटी शेला काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला, हॅट हातात घेतली आणि कॅमेऱ्याबाहेर चालत गेलो.

तेवढ्यात ब्लॅकटाउनच्या घरातून मंडळाच्या सर्वांत जुन्या काकांचा आवाज आला. काकांचा सगळा जन्म संगीत नाटकांवर गेलेला.

"वन्स मोअर!"

आता, वन्स मोअर पदाला असतो, राजीनाम्याला नसतो. पण मराठी नटाच्या पायांना कोण समजावणार? मी परत आलो, शेला चढवला आणि पुन्हा राजीनामा दिला. या वेळी पदकं शेल्यात अडकली. कुणीतरी फिसकन हसलं.

"वन्स मोअर!"

तिसऱ्या राजीनाम्याला सगळ्यांचे माइक चालू होते आणि मंडळ खो-खो हसत होतं. "अहो पंतप्रधान, आटपा," सेक्रेटरी ओरडत होते, "अथर्वशीर्षवाले थांबलेत!"

मी हळूच आजोबांची चौकट पाहिली. ते हसत नव्हते. नाक स्क्रीनला लावून माइकचं बटण शोधत होते.

"एक्सक्यूज मी!" त्यांचा आवाज आला. "तुम्हाला हा माणूस आवडला?"

"येस, येस!"

"मग सारखं सारखं घालवता कशाला? ठेवून घ्या त्याला!"

"अनुमोदन!" काका गरजले.

सूचक आले, अनुमोदक आले. आता सेक्रेटरींचा इलाज नव्हता. त्यांनी हात वर करायला सांगितले, आणि चौकटीचौकटीतून हात वर गेले. शेला, पदकं आणि हॅट घालून मी संपूर्ण अथर्वशीर्ष पंतप्रधान म्हणून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी मी जरा जपूनच उभा राहिलो. "हसले ना शेवटी?"

"हसले," आजोबा म्हणाले. "पण जाऊ देत नव्हते." मग त्यांनी कुंपणालगतचं गवत उपटलं. "तो ओरडणारा म्हातारा काय करतो?"

"काही नाही. रिटायर्ड आहे."

"असा एक माणूस तेव्हा आमच्या रस्त्यावर हवा होता."