रोज फाशी सुनावणारे मामा

"फाशी! याला फाशीच!" असं म्हणून मामा गळ्यातला रुमाल वर ओढायचे आणि जीभ इतकी बाहेर काढायचे, की समोरचा हसायलाच लागायचा.

परभणी जिल्ह्यातल्या एका छोट्या तालुक्याच्या गावच्या कोर्टात ते शिपाई होते, मी कारकून. पुकारा करणं हे त्यांचं मुख्य काम. दारात उभं राहून त्यांनी नाव घेतलं की रस्त्यापलीकडच्या पानटपरीवर ऐकू जायचं. एकदा तर एसटीची वाट बघणारा एक भलताच माणूस धावत येऊन आरोपीच्या कठड्यात उभा राहिला. "नाव माजं न्हाई साहेब, पन आवाज असा आला की वाटलं, आपलंच कायतरी असंल." न्यायाधीशसाहेबही हसले.

अशा कोर्टात काय चालतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. बांधाची भांडणं, चोरलेली शेळी, भर चौकात दिलेल्या शिव्या. खून वर्षानुवर्षं नाही. त्यामुळे फाशीचं खातं एकट्या मामांकडे. सोनपेठची गाडी उशिरा आली, डायव्हरला फाशी. चहा पाणचट, रशीदभाईला फाशी. तो कपबशा गोळा करत म्हणायचा, "मामा, कल की बाकी है. दोन्नो मिलाके दे डालो." भाजीत मीठ विसरलं की मामींनाही सुटका नव्हती. मामी म्हणायच्या, "आधी ताट धुवा, मंग लटकवा."

मग खरा खून आला, सत्र न्यायाधीशांपुढं. शेतातल्या वाटेच्या भांडणावरून एकानं चुलत्याला आणि चुलतभावाला कुऱ्हाडीनं तोडलं होतं. सरकारी वकील फाशी मागणार, हे गावभर झालं. तारखेला जत्रेसारखी गर्दी. रशीदभाईनं एक स्टोव्ह वाढवला.

व्हरांड्यातल्या बाकाच्या एका टोकाला आरोपीची आई बसायची, दुसऱ्या टोकाला मेलेल्या चुलतभावाची तरुण बायको. पहिल्या तारखेला मामांनी आरोपीचा पुकारा हळूच केला. म्हातारी म्हणाली, "दादा, जरा मोठ्यानं घ्या की त्याचं नाव. गावात आता कुनीच घेत न्हाई."

मामांनी बापाच्या नावासकट असा पुकारा केला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

पुढं एकदा सवयीनं त्यांनी रशीदभाईला फाशी सुनावली. ती तरुण बाई बाकावरून उठली.

"मामा, चहावाल्याला देता. माज्या मान्साला मारनाऱ्याला द्या की. एकदा म्हना, त्याला फाशी."

मामांचा हात रुमालावरच राहिला. "मला न्हाई म्हनता येत, बाई."

"का?"

"तू खरंच मागायलीस म्हनून."

त्यांनी पाणी आणलं. तिनं घेतलं नाही. ते तांब्या धरून उभेच राहिले.

निकालाच्या दिवशी साहेबांनी जन्मठेप दिली. हे प्रकरण दुर्मिळातलं दुर्मिळ नाही, असं वाचून दाखवलं. म्हातारी रडली, ती बाईही रडली. दोघींना जायचं एकाच गावी, गाडीही एकच. गाडीत तिघांचं एकच बाक मोकळं. दोघी दारात थबकल्या. मामा रजा न मागताच चढले आणि मधे बसले.

कंडक्टर नंतर सांगत होता, मामा वाटभर मामींच्या बिनमिठाच्या भाज्यांच्या गोष्टी सांगत होते. गाव जवळ आल्यावर ती तरुण बाई एकदा हसली, आणि मग उतरेपर्यंत रडली. म्हातारीनं आपला पदर तिच्यापुढं केला. तिनं तो घेतला की नाही, हे कंडक्टरला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी रशीदभाई चहा देऊन उभाच राहिला. "मामा, आज कुछ नै?"

मामांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "जन्मठेप. मरेपत्तर तूच पी हा च्या." सगळा व्हरांडा हसला. फाशी मात्र त्यांनी पुन्हा कुणालाच दिली नाही.

निवृत्तीनंतर ते मला एकदाच दिसले, येलदरीला. धरणाचे दरवाजे उघडले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, मामींचा हात धरून ते तुषारांत उभे होते. मामी मागं ओढत होत्या, हे पुढं. दोघंही चिंब, दोघंही हसून बेजार. मी हात वर केला होता, तो खाली घेतला. त्या दोघांच्या मधे कशाला जायचं?

पुढच्या संक्रांतीच्या आधीच मामा गेले.