शेपटीसकट

चैत्रातल्या एका सोमवारी माझा नवरा वारला. सकाळी तो तलावावरून परतला, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तेव्हा तो गेला होता.

तो शाळेत भूगोल शिकवायचा. निवृत्तीनंतर त्याला एकच फोटो हवा होता: उमललेलं कमळ, शेजारच्या पानावर कमळपक्षी, आणि पक्ष्याची लांब काळी शेपूट पूर्ण. ही शेपूट उन्हाळ्यात येते आणि पावसाळ्यानंतर गळते, पण पावसात तलावाकाठी बसता येत नाही, त्यामुळे घाई उन्हाळ्यातच करावी लागते. चार उन्हाळे तो यवतमाळहून नेर रस्त्यावरच्या तलावाला जात राहिला. फोटो शेकडो आले. एकात शेपूट अर्धी कापलेली, एकात फूल मिटलेलं, एकात दोन्ही ठीक, पण मधोमध म्हशीचं तोंड. हे सगळे त्याने कॉम्प्युटरवर ‘थोडक्यात हुकले’ नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवले. ‘जमले’ नावाचंही एक फोल्डर होतं. ते रिकामं होतं.

पहिल्या स्मृतिदिनाला घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा मी मनाशी म्हटलं, त्याच्या फोटोशेजारी त्या दिवशी तो फोटो हवा. मुलीने फोनवर विचारलं, आई, तुला कॅमेरा सुरू तरी करता येतो का? मी तीस वर्षं ग्रंथपाल होते. न येणारी गोष्ट कशी शिकायची हे मला माहीत होतं. मी माहितीपुस्तिका मुखपृष्ठापासून वाचायला घेतली आणि टिपणं काढली. बाराव्या दिवशी शेवटच्या पानावर पोचले आणि वॉरंटी केव्हाच संपल्याचं मला कळलं. कॅमेरा तोवर पिशवीतच होता.

असं करता करता स्मृतिदिनाचा आदला दिवस उजाडला. संध्याकाळपर्यंत फोटो फ्रेमवाल्याकडे द्यायचा होता. तलावात मासेमारी करणारे एक काका नवऱ्याचे दोस्त होते. पक्षी कुठे बसतो ते त्याला फोनवर कळवायचे. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की कमळांचे फोटो काढायला सकाळी येते. दुपारी कमळं मिटतात, म्हणून पहिल्या बसने गेले.

तलावभर पानं होती. फूल एकही नव्हतं.

फुलं बांधावर होती. काकांच्या बायकोच्या, काकूंच्या मोठ्या परातीत, पाण्यात, लांब देठांसकट नीट मांडलेली. शेजारी प्लास्टिकची खुर्ची आणि स्टुलावर चहा. कळंबच्या गणपतीला आणि बुद्धपौर्णिमेला विहारांत इथलीच कमळं जातात. कमळांसाठी कुणाचा फोन आला की उजाडायच्या आत तोडून ठेवायची, ही काकांची वर्षानुवर्षांची रीत.

“तुमाले चिखलात कायले उतरू द्याचं, मॅडम?” काका म्हणाले. “सारे आनून ठेवले. आता बसून काढा फोटो, आरामात.”

मी चहा घेतला. परातीचे तीन फोटोही काढले, कारण दोघं माझ्याकडे बघत होते. मग हळूच सांगितलं की फूल पक्ष्यासोबत हवं होतं, आणि स्मृतिदिन उद्या आहे.

काका परातीकडे बघू लागले. काकू त्यांच्यावर उखडल्या. “मी म्हनलं होतं या बुढ्याले, इचारून घे म्हून. सर चार वर्सं चिखलात बसले, ते का परातीसाठी?”

काकांनी परातीतलं सर्वांत मोठं फूल उचललं आणि कपड्यांसकट पाण्यात शिरले. देठ गाळात खोचला. फूल आडवं झालं. पुन्हा खोचला, पुन्हा आडवं. शेवटी ते पानांच्या मधोमध गळ्यापर्यंत पाण्यात बसले आणि देठ पाण्याखाली हातात धरून राहिले. वर फक्त कमळ आणि दुपट्टा बांधलेलं डोकं. मी नको नको म्हणत राहिले.

“सरासाठी बी असाच बसलो होतो,” ते म्हणाले. “तवा म्हैस मधात आली. आज बांधून ठेवली हाय.”

अर्धा तास काकू बांधावरून सूचना करत होत्या. हलू नको. खोकला आला त गिळून टाक. मग पक्षी आला. पाण्यातलं ते डोकं तो रोजच पाहत असावा, कारण त्याच्या बाजूने तो पानांवरून सावकाश चालत गेला आणि कमळाशेजारी उभा राहिला. माझी टिपणं पिशवीत होती. मी बटण दाबलं आणि बोट उचलायचं विसरले. अकरा फोटो निघाले. दहांमध्ये पक्षी निघून जाताना दिसतो. एकात तो उभा आहे, शेपटीसकट.

परतीच्या बसमध्ये शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन एक बाई बसल्या होत्या. कुणाला तरी दाखवायचा होता, म्हणून मी त्यांना कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, “हा खाली हात कोनाचा?”

तेव्हा मला तो दिसला. काकांचं डोकं चौकटीबाहेर राहिलं होतं, पण कमळाच्या जरा खाली त्यांची मूठ पाण्याबाहेर आली होती. फ्रेमवाला म्हणाला, दोन मिनिटांत काढून टाकतो, कळणारही नाही. मी नको म्हटलं. पुण्यानुमोदनाला आलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी मुठीबद्दल विचारलं. मी दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगितलं. एरवी मी एवढं बोलत नाही.

फोटो आता बैठकीत आहे. त्यात कमळ आहे, पक्षी आहे, शेपूट आहे, मूठ आहे. बघायला मी आहे.