कायतानचे परळ

प्लास्टिकच्या लिलींची मला शिसारी आहे. बारमाही फुललेल्या, धूळ खात बसलेल्या, मेल्या! कुणाच्या ओटीवर दिसल्या तर मी त्यांच्याकडे पाठ करून बसते. याला कारण आमचा शेजारी कायतान.

कायतान वाडीतल्या छोट्या चर्चची घंटा वाजवायचा आणि माणूस गेलं की थडगंही खणायचा. आम्ही पडलो हिंदू शेतकरी. तरी दर वर्षी ईस्टरच्या आधी तो आमच्या खळ्यात हजर. "वयनी, बियाण्यातला भात दी गो पसाभर." वर्षभरात ज्या ख्रिस्ती घरात मयत झालं, त्या प्रत्येक घराच्या नावाने तो मातीच्या परळात, म्हणजे पसरट ताटलीत, भात पेरायचा आणि अंधारात झाकून ठेवायचा. गुड फ्रायडेला चर्चमध्ये येशूचं थडगं मांडत, त्यापाशी हे परळ लागायचे. ऊन न मिळालेली रोपं पिवळीफटक, आजाऱ्यासारखी. ईस्टरच्या सकाळी तो ती उन्हात आणून ठेवायचा आणि पोरांना येशू उठल्याची गोष्ट सांगत बसायचा. दुपारपर्यंत पात्यांवर हिरवी झाक यायची. मग ज्याचा परळ तो घरी घेऊन जायचा.

मी एकदा त्याला छेडलं, "तुमचो देव बरो चैतात उठता रे! चैतात हंय धोंडे तापतत, उगावता काय?"

"म्हणान तर उठलो म्हणतत, वयनी," तो हसला. "पावसात काय, कोणय उठता."

२००६ च्या पावसाळ्यात त्याची बायको मार्था गेली. तिचं थडगं त्याने एकट्याने खणलं, कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. पुढच्या ईस्टरला भात मागायला आला तेव्हा म्हणाला, "यंदा बरो निवडून दी. मार्थाचो परळ आसा. ती हिरवी झालेली बघितलंय की माका झोप लागात."

मी सूप घेऊन बसले आणि दाणा न् दाणा निवडून दिला.

नेमका त्याच वर्षी वाडीतलाच सिप्रियान नोकरी संपवून मुंबईहून परतला आणि चर्चच्या सजावटीचा पुढारी झाला. येशूच्या थडग्यासाठी थर्माकोलची गुहा आली. तिच्यावर कापसाचा बर्फ, आणि सगळीकडे प्लास्टिकच्या लिली. परदेशात ईस्टर असाच असतो म्हणे. मालवणात बर्फ! घामाने निथळत बर्फ चिकटवत होते गाढव. परळ त्याला गावठी वाटले, शिवाय मातीने फरशी खराब होते. त्याने ते सगळे मागच्या दगडी गडग्यापलीकडे उकिरड्यावर उपडे केले.

मी गुरं बघायला त्या बाजूने चालले होते. कावळे भात टिपत होते आणि कायतान गुडघे टेकून माशांच्या खवल्यांतून, कोंबडीच्या पिसांतून पिवळी रोपं वेचत होता. मार्थाचं कुठलं, दुसऱ्याचं कुठलं, काय कळणार?

"अहो, भातच आहे तो," सिप्रियान गडग्याशी येऊन शहरी मराठीत म्हणाला. "लिली कशा, कायम टिकतात. दर वर्षीचा खटाटोप वाचला."

कायतानने मान वर केली. "जा मराचाच नाय, ता उठतला खंयसून रे?"

सिप्रियान हसला. त्या हसण्याची किळस अजून गेलेली नाही माझी.

कायतान पुन्हा भात मागायला आला नाही. २००९ च्या थंडीत तोही गेला. मार्थाच्या शेजारीच त्याला ठेवला. आणि सिप्रियानने मोठा मान दिल्यासारखा त्याच्या थडग्यावर काय ठेवला, तर लिलींचा गुच्छ!

पुढच्या ईस्टरच्या आधी मी माझ्याच माजघरात एक परळ झाकून ठेवला. ईस्टरच्या सकाळी तो घेऊन कबरस्तानात गेले. लिली उचलल्या आणि गडग्यापलीकडे त्याच उकिरड्यावर भिरकावल्या. सिप्रियान धावत आला, तुमचा काय संबंध, म्हणून ओरडला. "बियाणा माजा आसा," मी म्हटलं आणि दोन थडग्यांच्या मधे परळ ठेवून तिथेच फतकल मारली. बोंबलून दमला आणि गेला.

ऊन डोक्यावर आलं. पाती पोपटी दिसायला लागली, मग हिरवी.

"बघ रे कायतान," मी म्हटलं, "हिरवी झाली तुजी मार्था. नीज आता."